एकाहत्तर टक्के

"दहा!" यन्नमसाहेब ओरडले.

मी पडद्यावरची नजर न काढता कागदावरच्या चौकटीत बरोबरची खूण केली. दहा सेकंद गेले. "दहा!" पुन्हा खूण. पुन्हा दहा सेकंद. या वेळी मी फुली मारली.

"फुली का मारली ओ?" गाडी चालवता चालवता दस्तगीरनं विचारलं. "दिसत होतं की."

"चित्रात चौकोन पडला," मी म्हणालो.

"कुठं पडला? मला तर न्हाई दिसला."

"तू रस्ता बघ," यन्नमसाहेब म्हणाले. "दहा!"

जीप होटगी रस्त्याला लागली होती. दस्तगीर मुजावर हा आमच्या केंद्राचा ड्रायव्हर. त्याच्या शेजारी यन्नमसाहेब, म्हणजे श्रीनिवास यन्नम, आमचे इंजिनिअर, हातात स्टॉपवॉच घेऊन बसले होते. मागच्या सीटवर मी. माझ्या मांडीवर लॅपटॉप, त्याला खोचलेला अंगठ्याएवढा रिसीव्हर आणि रिसीव्हरमधून वर आलेली बोटभर अँटेना. पडद्यावर आमच्याच सोलापूर केंद्राच्या दुपारच्या बातम्या चालल्या होत्या. केबल नाही, डिशची छत्री नाही, इंटरनेट नाही. आमच्या टॉवरवरून सुटलेलं चित्र हवेतून थेट धावत्या गाडीतल्या लॅपटॉपवर येत होतं.

"साहेब, एकदा तरी मागं वळून बगा," दस्तगीर म्हणाला. "काय झ्याक दिसायलंय. चिलकाबाई बातम्या सांगायल्यात."

"तुला कसं दिसतंय?"

"आरशात बगायलोय."

"आरशात मागची वाहनं बघायची असतात, चिलकाबाई नाही. दहा!"

मला हसू आलं, पण साहेबांनी मान वळवली नाही. तीन दिवसांत एकदाही वळवली नाही.

याला कारण होतं. ही चाचणी मुंबईच्या मुख्यालयानं मागवली होती. शहरातून आणि आसपासच्या रस्त्यांवरून ठरलेल्या मार्गानं फिरायचं, दर दहा सेकंदांना चित्र येतं की नाही ते लिहायचं. एकूण अठराशे चौकटी. त्यातल्या ऐंशी टक्के चौकटींत चित्र आलं, तर आमचा डिजिटल टॉवर राहणार आणि त्याच्यावर चालणारं स्थानिक केंद्रही राहणार. नाही आलं, तर टॉवरची यंत्रं दुसऱ्या शहरात हलवणार. केंद्रावर कंत्राटी अकरा माणसं होती. चिलकाबाई त्यांच्यातल्याच.

"ज्याचं पोर परीक्षेला बसलंय, त्यानं पेपर तपासू नये, रिसबूडसर," चाचणीच्या पहिल्या दिवशी साहेब मला म्हणाले होते. "हा टॉवर यावा म्हणून मी सहा वर्षं मुंबईच्या चकरा मारल्यात. मी पडद्याकडं बघितलं, तर मला सगळीकडं चित्रच दिसणार. म्हणून बघायचं तुम्ही, लिहायचं तुम्ही. मी फक्त वेळ सांगणार."

"मला जमेल ना?" मी विचारलं होतं.

"तुम्हाला नाही जमणार तर कुणाला? चौदा वर्षं टेप तपासल्यात तुम्ही." मग त्यांनी फॉर्मांचं पॅड माझ्या हातात दिलं. "मागच्या बाजूला सूचना आहेत. तेवढ्या वाचून घ्या."

मी हो म्हणालो.

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. सोलापुरात येऊन मला दोनच वर्षं झाली होती. मुंबईला टेप तपासायचा विभाग बंद झाला आणि मला इथं पाठवलं. सात रस्ता चौकाजवळ एका खोलीत मी एकटा राहत असे. खोलीत पुस्तकं, एक कॉट आणि एक टेबल. माणसांशी बोलायचं म्हटलं की माझ्या तोंडाला कोरड पडायची. एखादं वाक्य बोलून झाल्यावर ते बरोबर बोललो का, याचा विचार मी रात्रीपर्यंत करत बसायचो. अशा माणसाशी यन्नमसाहेब आपणहून बोलायचे. माझ्याहून आठ वर्षांनी लहान आणि हुद्द्यानं मोठे, पण मला सर म्हणायचे. आणि मी जे बोलेन ते खरं धरून चालायचे. असं माझ्या बाबतीत आधी कुणी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका टपरीवर चहाला थांबलो. दस्तगीरनं डब्यातली कडक भाकरी मोडून तिघांत वाटली, वर शेंगांची चटणी.

"साहेब, एक विचारू का?" तो म्हणाला. "लोकांच्या घरी टीव्ही हाय. मग ह्यो लॅपटॉपवरचा खटाटोप कशाला?"

"दस्तगीर, तू दिवसातनं घरी किती वेळ असतोस?"

"झोपायपुरता."

"मग तुझ्या घरचा टीव्ही तू कधी बघणार? माणूस दिवसभर बाहेर असतोय. कॉलेजात, बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत. तिथं आपलं चित्र जात नाही. लॅपटॉप जातोय. उद्या सगळ्यांच्या हातात असली यंत्रं येणार. आपण तिथं गेलो तर आपली वाहिनी जगेल, नाहीतर आपण कार्यक्रम करायचे आणि आपणच बघायचे."

"तसं तर नेटवर पण दिसतंय की."

"नेटवर एकेक बघणारा वाढला की दाखवणाऱ्याचा खर्च वाढतोय. हजार माणसं आली की गाडी अडकली." साहेबांनी भाकरीचा तुकडा टॉवरच्या दिशेनं उंचावला. "तो एकदा उभा राहिला की झालं. एक माणूस बघू दे, नाहीतर अख्खं सोलापूर बघू दे. त्याला तेवढीच वीज लागते. प्रसारणवाल्याला याच्यापेक्षा आणखी काय पाहिजे, सांगा की रिसबूडसर."

मी मान हलवली. मला त्यांचं म्हणणं पटलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यासमोर मार्गातला शेवटचा थांबा होता. थांब्यावर गाडी उभी करून पाच मिनिटं तपासायचं होतं. मी लॅपटॉप बॉनेटवर ठेवला. केसपेपरच्या रांगेतली माणसं एकेक करून गोळा झाली. चादरीच्या कारखान्यातले दोन कामगार, विड्या वळणाऱ्या बायका, हाताला प्लास्टर घातलेला एक म्हातारा.

"ह्याची वायर कुठाय?"

"वायर न्हाई आजोबा, वरनंच येतंय."

"आगं, ती बघ! ती आपल्या गल्लीतली चिलकाची पोरगी न्हाई का?"

"व्हय की गं! चांगली भरलीय आता."

माणसं हसत होती. पडद्यावर चित्र स्वच्छ होतं. मध्येच समोरून एक एसटी गेली, तेव्हा चिलकाबाईंच्या खांद्यावर दोन छोटे चौकोन उमटले आणि गेले. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. बघणाऱ्यांपैकी कुणाला ते कळलंही नाही. मी फुली मारली आणि फुलीच्या शेजारी बारीक टिंब दिलं.

यन्नमसाहेब गर्दीकडे पाठ करून उभे होते. हातातल्या घड्याळाकडे बघत होते. माणसं काय म्हणतात ते ऐकताना त्यांचे कान लाल झाले होते.

"दहा," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी केंद्रावर आम्ही बेरीज केली. मी एकदा केली, साहेबांनी दोनदा. अठराशे चौकटींपैकी बाराशे अठ्ठ्याहत्तर बरोबर. एकाहत्तर टक्के.

साहेबांनी आकड्याखाली रेघ ओढली.

"साहेब, ह्ये खोटं हाय," दारातून दस्तगीर म्हणाला. "मी तीन दिवस आरशात बगितलंय. चित्र कुठं गेलं न्हाई. बोगद्याखाली गेलं, आन् तिकडं विजापूर नाक्याच्या खाली गेलं. बास."

"तू गाडी चालवत होतास."

"मग काय आंधळा होऊन चालवत होतो?"

"दस्तगीर." साहेब शांतपणे म्हणाले. "रिसबूडसरांनी लिहिलंय. ते एकाहत्तर म्हणतात म्हणजे एकाहत्तर. आपल्याला पाहिजे म्हणून ऐंशी होत नाही."

दस्तगीरनं माझ्याकडे बघितलं. "रिसबूडसाहेब, तुमी मास्तर झाला असता तर अख्खी शाळा नापास केली असती बगा," तो म्हणाला आणि निघून गेला.

आठवड्यानं मुंबईहून इनामदारसाहेब आले. बरोबर एक तरुण सहायक होती. बैठक केंद्राच्या छोट्या खोलीत झाली. मी कोपऱ्यात बसलो होतो. यन्नमसाहेबांनी एकाहत्तरचा आकडा सांगितला आणि तरीही टॉवर का ठेवावा, हे पंधरा मिनिटं मांडलं. इनामदारसाहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता.

"दुसऱ्या एका शहरात तर त्र्याऐंशी आलंय," ते म्हणाले. "तुमच्याकडं तर सगळी सपाटी आहे. कमी का यावं?"

"कळत नाही, साहेब."

"निकष छापलेला तोच लावलात ना?" आणि ते सहायक बाईंकडे वळले. "वाचा जरा."

बाईंनी फॉर्म उलटा केला आणि त्या वाचू लागल्या. "दहा सेकंदांच्या अवधीत चित्र एकूण एक सेकंदापेक्षा अधिक काळ बिघडले किंवा थांबले, तरच ती चौकट नापास धरावी. त्याहून कमी काळाचा किरकोळ बिघाड दुर्लक्षित करावा."

मी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

टेपच्या खोलीत आमचा नियम उलटा होता. प्रक्षेपणाला जाणाऱ्या टेपवर एक रेघ उमटली, एक ठिपका चमकला, की टेप परत. किरकोळ असं काही नसायचंच. काचेच्या त्या खोलीत चौदा वर्षं बसून मी तेवढंच केलं होतं. इतरांच्या नजरेतून सुटलेले दोष मी धरायचो. बाकी कशाबद्दलही माझी मलाच खात्री नव्हती. रस्ता विचारतानासुद्धा मी दोन माणसांना विचारायचो. पण चित्र कसं तपासायचं हे मला कुणी सांगायची गरज नाही, असं मला वाटत होतं. म्हणून भेळेच्या पुडीचा कागदसुद्धा वाचून मगच टाकणारा असूनही मी त्या फॉर्मची मागची बाजू वाचली नव्हती.

"तपासणी कुणी केली?" इनामदारसाहेबांनी विचारलं.

"रिसबूडसरांनी," यन्नमसाहेब म्हणाले. "आणि साहेब, त्याबद्दल शंका नको. मी स्वतः केली असती तर तुम्ही शंका घेतली असती आणि ती रास्त होती. पण या माणसानं माझ्यासाठी एक चौकट इकडची तिकडं केलेली नाही. माझा टॉवर गेला तरी चालेल, पण यांच्या आकड्यावर बोट ठेवू देणार नाही."

इनामदारसाहेब माझ्याकडे बघत होते. खोलीतले सगळेच बघत होते. चिलकाबाई दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"हाच निकष होता ना, रिसबूड?"

एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, माझी चूक झाली. ते माझ्या ओठांशी आलं. आणि मग नेहमीचं सुरू झालं. आपण ऐकलं ते बरोबर ऐकलं का? टिंबं दिलेल्या चौकटी किती असतील? मोजल्याशिवाय कसं बोलायचं? चारच निघाल्या तर? यन्नमसाहेबांनी आत्ताच इतकं म्हटलं, त्यावर लगेच मी असं बोललो तर त्यांचं तोंड कसं दिसेल? घरी जाऊन मोजू. उद्या सांगू.

"हो," मी म्हणालो.

घरी जाऊन मी फॉर्मांची दुय्यम प्रत काढली आणि दिवेलागणीपर्यंत मोजत बसलो. फुलीशेजारी टिंब असलेल्या, म्हणजे क्षणभर एखादा चौकोन चमकून गेलेल्या चौकटी तीनशे सहा होत्या. त्या पास धरल्या की एकूण पंधराशे चौऱ्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी टक्के. मी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच आलं. आता शंका घ्यायला काही उरलं नव्हतं.

मी मुख्यालयाला पत्र लिहिलं. ते लांब झालं. फाडून दुसरं लिहिलं. दुसऱ्यात मी स्वतःची बाजू मांडतोय असं वाटलं. तिसरं चार ओळींचं होतं. ते खिशात घालून सकाळी केंद्रावर गेलो.

सगळे दुपारच्या बातम्यांच्या खोलीत जमले होते. इनामदारसाहेबांनी निर्णय सकाळीच फोनवर कळवला होता. यन्नमसाहेब अकरा जणांना सांगत होते. चिलकाबाई रडत नव्हत्या, फक्त ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. एक कॅमेरामन म्हणाला, "साहेब, नऊ टक्के तर कमी पडले. वाढवून लिहिता आले नसते? कोण बघायला आलं असतं?"

"असलं माझ्यासमोर पुन्हा बोलू नको," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "गेलो तर खरं सांगून गेलो. उद्या कुणी म्हणणार नाही की सोलापूरवाल्यांनी आकडे फिरवले."

मी खिशात हात घातला. पत्राची घडी हाताला लागली. आता हे दिलं तर काय होईल? निर्णय झाल्यावर आकडा सतरानं वाढला. मुंबईत लोक हसतील. म्हणतील, नापास झाल्यावर सोलापूरवाल्यांनी कागद बदलला. यन्नमसाहेबांकडे आता नाव तेवढंच उरलं होतं, आणि तेही मी घालवीन. मला तेव्हा हे खरोखर पटलं होतं. भित्र्या माणसाला असं काहीतरी पटतंच. दुपारी मी ते पत्र केंद्राच्या मागच्या बाजूला, जिथं जुने कागद जाळत, तिथं टाकलं.

मेच्या अखेरीला ट्रक आला. दोन दिवस यंत्रं सुटी करायचं काम चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी यंत्रांच्या खोलीत गेलो, तेव्हा ती जवळजवळ रिकामी झाली होती. यंत्रं काढली तिथं फरशीवर पांढरे चौरस उमटले होते. यन्नमसाहेब एका लाकडी खोक्यावर बसले होते. बाहेर दस्तगीर हमालांवर ओरडत होता.

"या सर. बसा."

मी शेजारच्या खोक्यावर बसलो.

"हैदराबादला माझा कॉलेजातला मित्र आहे," ते म्हणाले. "तिकडं काही मंडळी हेच करायचं म्हणतात. बसमध्ये, लॅपटॉपवर. मला बोलावतात. सगळं तू बघ म्हणतात. आज संध्याकाळपर्यंत सांगायचंय."

"मग जा ना," मी म्हणालो. मला एकदम बरं वाटलं. "नक्की जा, साहेब."

"जाईन. पण एक गोष्ट मनातनं जात नाही." त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. "माझ्याच गावात, माझ्याच टॉवरवर एकाहत्तर आलं. सहा वर्षं लोकांना सांगत होतो, धावत्या गाडीत चित्र येतं. म्हणजे मी चुकीचं सांगत होतो का? तिकडं जाऊन आणखी चार जणांची नोकरी याच्यावर बांधायची, आणि पुन्हा असंच झालं तर?" ते थांबले. "मी तीन दिवसांत एकदाही पडद्याकडं बघितलं नाही. आता वाटतं, बघायला पाहिजे होतं. दस्तगीर अजून म्हणतो की चित्र छान होतं. पण दस्तगीरला माझ्यासाठी वाईट वाटतंय, म्हणून तो म्हणणारच. बघितलंय ते तुम्ही. एकदाच विचारतो, सर. चित्र खरंच तुटत होतं?"

चार महिने मी ते वाक्य पाठ करत होतो. कॉटवर पडल्या पडल्या, आंघोळ करताना, केंद्राच्या पायऱ्या चढताना. आता तर बोलायला काहीच अडचण नव्हती. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. त्यांना बरं वाटलं असतं. रागावले असते, कदाचित पुन्हा माझं तोंड बघितलं नसतं, पण संध्याकाळी हैदराबादला हो म्हणाले असते.

पण ते माझ्याकडे बघत होते. माझ्यावर असा विश्वास ठेवून बघणारा एवढाच एक माणूस मला आयुष्यात भेटला होता.

"तुटत होतं," मी म्हणालो.

"म्हणजे बघणाऱ्यानं कंटाळून बंद केलं असतं, इतकं?"

"हो."

त्यांनी मान हलवली. हळूहळू, दोन-तीनदा. मग खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोरच हैदराबादला लावला. ते तेलुगूत बोलत होते. मला तेलुगू येत नाही. त्यात इंग्रजीतला आकडा तेवढा कळला. सेव्हंटी वन.

फोन ठेवून ते म्हणाले, "बरं झालं विचारलं. नाहीतर उगीच जन्मभर वाटत राहिलं असतं."

त्यानंतर त्यांनी हे काम कधी केलं नाही. भावाच्या टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाला बसतात, असं दस्तगीरनं मागं एकदा फोनवर सांगितलं. टीव्ही बघतच नाहीत, म्हणाला.

त्या दिवशी मात्र ते लगेच उठले. ज्या खोक्यावर बसले होते, त्याची एक कड त्यांनी धरली.

"जरा तिकडनं हात लावा, सर," ते म्हणाले. "जड आहे."

मी हात लावला.